काळी एक का पांढरी दोन, हे बॅरिटोनला कोणी विचारत नाही

आपल्याकडे मैफिलीत गायक येऊन बसला की पहिलं काम सूर ठरवायचं. काळी एक का पांढरी दोन? तंबोरे त्याप्रमाणे लागतात, पेटीवाला त्याप्रमाणे बसतो, आणि त्या दिवशी घसा जड असेल तर गायक अर्धा सूर खाली घेतो, त्यात कोणाला काही गैर वाटत नाही, राग तोच राहतो आणि बंदिशही तीच राहते. मला ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक, आवडतो हे कळल्यापासून ओळखीचे लोक विचारतात की हे गायक एवढ्या मोठ्याने का गातात, आणि बॅरिटोन बॅरिटोन म्हणतात तो नक्की कोण, टेनरपेक्षा कमी दर्जाचा का? तर दर्जाचा काही संबंध नाही. सगळा मामला सुराचा आहे आणि तो मी नेहमी ह्या काळी एकपासूनच समजावतो कारण आपल्या माणसाला ते लगेच कळतं.

ऑपेरात सूर गायकाने ठरवायचा नसतो. इटालियन संगीतकार व्हेर्दीने १८५१ मध्ये रिगोलेटो हा ऑपेरा लिहिला तेव्हा कुठल्या शब्दावर कुठला सूर हे कागदावर पक्कं केलं, खाली बसलेल्या साठसत्तर वादकांसमोर तेच छापलेलं असतं, आणि आज घसा बरा नाही म्हणून सगळं अर्धा सूर खाली घेऊया असं सहसा चालत नाही. त्यामुळे आपल्याकडे गळ्याप्रमाणे सूर निवडतात आणि तिकडे गळ्याप्रमाणे भूमिका निवडावी लागते. गायकाचं सगळं करिअर ह्या एका गोष्टीवर उभं असतं. मग आवाजांचे प्रकार आले, बायकांमध्ये वरचा सोप्रानो, खालचा मेझो आणि त्याच्याही खाली आल्टो, पुरुषांमध्ये सगळ्यात वर टेनर, सगळ्यात खाली बास, आणि मधला तो बॅरिटोन.

मधला म्हणजे किती? काळी एकचा सा धरला तर साधारण मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत, म्हणजे दोन सप्तकं. आता तुम्ही म्हणाल की हे तर आपल्याकडच्या कितीतरी पुरुष गायकांना जमतं, आणि ते बरोबरच आहे, जगातल्या बहुतेक पुरुषांचा नैसर्गिक आवाज बॅरिटोनच्या आसपासच असतो. पण सूर लागणं वेगळं आणि सुराच्या वस्तीला राहणं वेगळं. तार गंधार सगळेच कधीतरी लावतात, तान घेताना स्पर्श करून खाली येतात. रिगोलेटोची मुख्य भूमिका गाणाऱ्याला मात्र तार कोमल रिषभ ते तार गंधार ह्या पट्ट्यात मिनिटांमागून मिनिटं राहावं लागतं, तेही रडत, चिडत, मुलीला शोधत, स्टेजवर धावत. ही जी वस्ती असते तिला तेसितूरा म्हणतात आणि भूमिका घ्यायची की नाही हे गायक सगळ्यात वरचा सूर कुठला ते बघून ठरवत नाही, तेसितूरा बघून ठरवतो. इथे चुकीचा हिशोब केलेले चांगले चांगले आवाज पस्तिशीतच थकलेले आहेत.

खरं तर मोत्झार्टच्या काळी बॅरिटोन हा शब्दसुद्धा असा रूढ नव्हता. डॉन जोव्हानी (१७८७) किंवा १७८६ च्या ऑपेरातला फिगारो आज सर्रास बॅरिटोन गातात पण मोत्झार्टने कागदावर बासच लिहिलंय. एकोणिसाव्या शतकात हा आवाज हळूहळू वेगळा निघाला आणि व्हेर्दीने त्याला स्वतःचं घर बांधून दिलं असं म्हटलं तरी चालेल. टेनर बहुतेक वेळा प्रेम करतो. बॅरिटोन मात्र बाप असतो, मित्र असतो, खलनायक असतो, हरलेला प्रतिस्पर्धी असतो. व्हेर्दीच्या त्रावियातामधला जेर्मों मुलाच्या प्रेमात आडवा येणारा बाप आहे, ओथेल्लोमधला इयागो कान भरणारा आहे, पुच्चिनीच्या तोस्कातला (१९००) स्कार्पिया तर सरळसरळ अत्याचारी पोलिसप्रमुख आहे. मला व्यक्तिशः म्हणूनच हा आवाज जास्त आवडतो, कारण माणसाचे जास्त रंग त्याच्या वाट्याला येतात.

आता मोठ्याने गाण्याचा प्रश्न. माइक नसतो, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचं थिएटर ३,८०० च्या आसपास खुर्च्यांचं आहे आणि मध्ये अख्खा वाद्यवृंद वाजत असतो. मग नुसत्या जोराने कसं भागेल? एक माणूस सत्तर वाद्यांच्या वर जोर लावूच शकत नाही. स्वीडनचे शास्त्रज्ञ योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात हे नीट मोजून दाखवलं. वाद्यवृंदाची सगळ्यात जास्त ताकद साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि वर जाल तसतशी ती कमी होत जाते, आणि तयार झालेला पुरुष गायक घशाची पोकळी, स्वरयंत्राची जागा असं सगळं जमवून आपल्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक चमक तयार करतो, जिथे वाद्यवृंद तुलनेने शांत असतो आणि आपले कान नेमके तिथेच जास्त तीक्ष्ण असतात. बाजारात एवढा गोंगाट असताना एखाद्या भाजीवाल्याची हाक तिसऱ्या मजल्यावर कशी ऐकू येते, थोडंफार तसंच, फक्त इथे ती चमक ठेवून आवाज गोल आणि मऊही ठेवायचा असतो आणि त्यालाच आठदहा वर्षं लागतात. मी पहिल्यांदा माइकशिवाय बॅरिटोन ऐकला तेव्हा शेवटून तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि तो हळू गात होता, अगदी हळू, तरी प्रत्येक शब्द माझ्या शेजारी बसून म्हटल्यासारखा येत होता. ते मी अजून विसरलेलो नाही.

हे करिअर प्रत्यक्षात कसं चालतं ते बघायचं तर जर्मनी बघावं लागतं, कारण तिथे सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरा थिएटरं आहेत, लहान लहान शहरांत सुद्धा. तिथे आवाजांची आणखी बारीक विभागणी आहे, तिला फाख म्हणतात. बॅरिटोन म्हणजे नुसता बॅरिटोन नाही, हलका आणि गोड तो लिरिक बॅरिटोन, रुबाबदार तो कावालिअर, नाट्य जास्त आणि रंग गडद असेल तर कॅरॅक्टर, आणि वाग्नर ह्या जर्मन संगीतकाराच्या अवजड भूमिकांचे डोंगर चढणारा तो हेल्डन, म्हणजे वीर बॅरिटोन. नवीन मुलगा किंवा मुलगी कॉलेजातून बाहेर पडली की एकदोन वर्षं ऑपेरा स्टुडिओत काढते, मग जमलं तर एखाद्या थिएटरात महिना पगारावर लागते, आणि एका सीझनमध्ये लहानमोठ्या पाचसहा भूमिका करते. आज मोत्झार्ट, परवा ऑपेरेटा म्हणजे हलकाफुलका ऑपेरा, रविवारी सकाळी लहान मुलांसाठीचा प्रयोग. ह्याला फेस्ट म्हणतात, पगार फार मोठा नसतो पण घर एका जागी असतं आणि खूप शिकायला मिळतं.

दुसरा रस्ता फ्रीलान्सचा. तिथे पैसे बऱ्याच ठिकाणी प्रयोगावर मिळतात, चारसहा आठवडे तालमी करा, परक्या गावात भाड्याच्या खोलीत राहा, आणि पहिल्या प्रयोगाच्या दिवशी घसा बसला तर त्या रात्रीचे पैसे गेले. म्हणून हे लोक सर्दीला इतके घाबरतात, ते काही नखरे नसतात. २०२० मध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा मोठी नावं असलेल्या गायकांचे सुद्धा करार एका रात्रीत रद्द झाले होते, आणि लोकांना वाटतं ऑपेरा म्हणजे श्रीमंतांचा खेळ! बघणारे असतीलही, गाणारे बहुतेक वेळा नसतात.

आणि वय. सोप्रानो पंचविशीत चमकू शकते, बॅरिटोनचा आवाज उशिरा पिकतो. तिशीपर्यंत मोत्झार्ट गावा, व्हेर्दीच्या मोठ्या भूमिका पस्तीस-चाळीसच्या पुढे, असं शिक्षक सांगतात. पण थिएटरला आजच्या आज रिगोलेटो हवा असतो आणि पैसेही चांगले असतात, त्यामुळे नाही म्हणता येणं हाही ह्या धंद्यातला एक गुणच समजतात.

आतापर्यंत ऑपेराचं झालं, पण बॅरिटोनच्या कामाचा अर्धा भाग कॉन्सर्टचा आहे, आणि तो ज्याने जगाला नव्याने दाखवला त्या माणसाबद्दल मला खरं तर हा सगळा लेख लिहायचा होता. डीट्रिश फिशर-डीस्काऊ.

जन्म बर्लिनमध्ये, २८ मे १९२५. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई शिक्षिका. भाऊ मार्टिन अपंग होता, नाझी सरकारने त्याला संस्थेत नेलं आणि तिथे उपाशी ठेवून मारलं. हे वाचलं की पुढचं सगळं गाणं वेगळं ऐकू येतं, निदान मला तरी. जानेवारी १९४३ मध्ये, अजून अठराही पूर्ण नव्हती, बर्लिनच्या त्सेलेनडॉर्फ भागातल्या टाउन हॉलमध्ये त्याने शूबर्टची विंटरराइज ही गीतमालिका गायला घेतली, मध्येच ब्रिटिश विमानांचा हल्ला झाला, गायक आणि श्रोते सगळे तळघरात गेले, आणि हल्ला थांबल्यावर वर येऊन राहिलेलं गाणं पूर्ण केलं. त्याच वर्षी त्याला सैन्यात घेतलं, रशियाच्या आघाडीवर घोड्यांची देखभाल करायला, नंतर इटलीत अमेरिकनांनी पकडलं आणि दोन वर्षं युद्धकैदी म्हणून काढली. त्या छावण्यांमध्ये घराच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या सैनिकांसमोर हा मुलगा गात होता.

सुटून आल्यावर १९४७ मध्ये बाडनवायलर ह्या गावी ब्राम्सच्या जर्मन रेक्वियमचा, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचा, गायक आजारी पडला, ह्याने तालीम न करता ते गायलं. जानेवारी १९४८ मध्ये बर्लिन रेडिओसाठी अख्खी विंटरराइज रेकॉर्ड केली, वय २२. त्याच वर्षी शरदात बर्लिनच्या म्युनिसिपल ऑपेरात मुख्य लिरिक बॅरिटोन म्हणून लागला आणि पहिली भूमिका कुठली, तर व्हेर्दीच्या दॉन कार्लोसमधला पोझा, फेरेंत्स फ्रिचाय कंडक्ट करत होते. मी वर लिहिलं की बॅरिटोन उशिरा पिकतो, तर हा अपवाद आहे आणि अपवाद म्हणूनच बघायचा, २३ व्या वर्षी पोझा गाऊन पुढे चाळीसेक वर्षं आवाज टिकवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

टिकला कसा ह्याचं एक कारण मला वाटतं की त्याने दोन घरं ठेवली. ऑपेरा एक आणि दुसरं जर्मन गीत, ज्याला ते लीड म्हणतात. कवीची कविता, एक गायक, एक पियानो, बाकी काही नाही. सेट नाही, पोशाख नाही, समोर सत्तर वादक नाहीत. शूबर्ट जेमतेम ३१ वर्षं जगला आणि सहाशेच्या वर गाणी लिहून गेला. १८२७ ची विंटरराइज म्हणजे विल्हेल्म म्युलरच्या २४ कवितांची मालिका, प्रेमात हरलेला एक माणूस हिवाळ्यात गाव सोडून चालत निघतो आणि सव्वा तास आपण त्याच्याबरोबर चालतो. आपल्याकडे भावगीताची आवड असलेल्या माणसाला लीड समजावून सांगायला वेळ लागत नाही, शब्द आधी आणि गळा त्या शब्दासाठी, हे आपल्याला माहितीच आहे.

आणि इथे एक गंमत आहे जी मला फार आवडते. लीडमध्ये सूर बदलता येतो! विंटरराइजची बरीच गाणी मुळात वरच्या, टेनरच्या सुरात लिहिलेली आहेत, पहिलं गाणं डी मायनरमध्ये, म्हणजे आपल्या पांढरी दोनच्या सुरात आहे, आणि बॅरिटोन ती खाली घेऊन गातात. पियानो एकच वाद्य आहे, वाजवणारा खालच्या सुरात वाजवू शकतो, आणि गाण्यांची पुस्तकंच मुळी वरचा, मधला आणि खालचा आवाज अशी तीन तीन प्रकारची छापलेली मिळतात. म्हणजे ऑपेरात जे स्वातंत्र्य नाही ते इथे परत मिळतं, बॅरिटोनला त्याची काळी एक इथे सापडते.

फिशर-डीस्काऊने जेराल्ड मूर ह्या पियानोवादकाबरोबर १९६६ ते १९७२ ह्या काळात पुरुष आवाजासाठी योग्य अशी शूबर्टची जवळजवळ सगळी गाणी रेकॉर्ड केली, चारशेच्या वर. मूर यांनी तर १९६७ मध्येच स्टेजवरून निवृत्ती घेतली होती, तरी ह्या रेकॉर्डिंगचं काम चालू ठेवलं. विंटरराइज त्याने १९४८ पासून १९९० पर्यंत वेगवेगळ्या पियानोवादकांबरोबर पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केली आणि प्रत्येक वेळी तोच प्रवासी वेगळ्या वयाचा वाटतो. त्याच्या आधी लीड गाणारे मोठे गायक होतेच, पण पूर्ण कार्यक्रम एकाच कवीचा, एकाच संगीतकाराचा करायचा आणि मोठा हॉल भरायचा, हे त्याने सवयीचं करून टाकलं.

कॉन्सर्टमध्ये लीडनंतरचा दुसरा प्रकार म्हणजे वाद्यवृंद आणि कोरसबरोबर उभं राहून गायची मोठी धार्मिक कामं. बाखच्या मॅथ्यू पॅशनमधला येशू, मेंडेल्सोनचा एलायजा (१८४६), ब्राम्सचं रेक्वियम, ही बॅरिटोनची रोजीरोटी आहे, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत तर चांगल्या बॅरिटोनला उसंत नसते. गोव्यात, वसईत चर्चच्या कॉयरमध्ये वाढलेल्यांना यातलं काही ना काही ओळखीचं असेल.

ह्या प्रकारातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहराचं कॅथेड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बनी जळालं. शेजारी नवीन बांधलं, आणि त्याच्या निमित्ताने इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने वॉर रेक्वियम लिहिलं, पहिला प्रयोग ३० मे १९६२. लॅटिन प्रार्थना कोरस आणि सोप्रानोकडे, आणि मध्ये मध्ये विल्फ्रेड ओवेनच्या युद्धाच्या कविता टेनर आणि बॅरिटोनकडे. ओवेन स्वतः पहिल्या महायुद्धात, युद्ध संपायला एक आठवडा राहिला असताना मारला गेला. ब्रिटनच्या मनात एक इंग्रज, एक जर्मन आणि एक रशियन गायक असे तिघं होते. रशियन गालिना विश्नेव्स्काया हिला सोव्हिएत सरकारने येऊ दिलं नाही, तिच्याऐवजी हेदर हार्पर गायली. इंग्रज टेनर पीटर पिअर्स. आणि जर्मन, दोन दिवसांपूर्वी ३७ वर्षांचा झालेला फिशर-डीस्काऊ, ज्याने जर्मन सैन्याचा गणवेश घातलेला होता आणि ज्याचा भाऊ त्याच राजवटीने मारला होता.

शेवटच्या भागात दोन मेलेले सैनिक एका अंधाऱ्या बोगद्यात भेटतात आणि बॅरिटोन सांगतो की मित्रा, तू काल ज्याला मारलंस तो शत्रू मीच. वाद्यं जवळजवळ थांबलेली असतात. तेवढं एक वाक्य गायला काय लागतं विचार करा, सूर तर कोणीही लावेल. प्रयोग संपल्यावर फिशर-डीस्काऊ इतका हेलावला होता की त्याला उठून बाहेर येता येईना, पिअर्सने त्याला आधार देऊन आणलं. पुढच्या वर्षी जानेवारीत रेकॉर्डिंग झालं, तेव्हा विश्नेव्स्कायाही होती, म्हणजे ब्रिटनला हवे होते ते तिघं एकत्र आले.

फिशर-डीस्काऊवर टीकाही झाली आणि ती लपवायचं कारण नाही. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांचं म्हणणं होतं की ह्याच्या गाण्यात भाव सगळा आहे, उच्चार सगळा आहे, पण आवाजातला देह जाणवत नाही. काही जण म्हणतात तो प्रत्येक शब्द अधोरेखित करतो. इटालियन ऑपेरात मला ते थोडं पटतं, त्याचा रिगोलेटो हुशार वाटतो पण तीतो गोब्बी किंवा बास्तियानिनी हे इटालियन बॅरिटोन ऐकल्यावर जी ऊब छातीत पसरते ती तिथे नाही. शूबर्टमध्ये मात्र नाही पटत. तिथे शब्दाला एवढा मान देणारा माणूस मला दुसरा सापडलेला नाही.

दोन घरांची गोष्ट पुढच्या पिढीतही दिसते. कार्डिफ शहरात भरणाऱ्या मोठ्या गायन स्पर्धेत १९८९ साली दोन बॅरिटोन समोरासमोर आले, सैबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचा दिमित्री ह्वोरोस्तोव्स्की आणि वेल्सचा ब्रिन टर्फेल. मुख्य बक्षीस ह्वोरोस्तोव्स्कीला, लीडचं बक्षीस टर्फेलला. दोघांचं आयुष्य त्या एका आठवड्याने बदललं. ह्वोरोस्तोव्स्कीचा श्वास इतका लांब की दोन ओळी एका दमात जायच्या, व्हेर्दी आणि चायकॉव्हस्कीचा ओनेगिन ही त्याची खास ठिकाणं. मेंदूच्या ट्यूमरने २०१७ मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी गेला, बॅरिटोनसाठी हे ऐन भराचं वय.

फिशर-डीस्काऊला मात्र पूर्ण आवर्तन मिळालं. ५३ व्या वर्षी, ९ जुलै १९७८ ला म्युनिकमध्ये, त्याने आरिबेर्ट राइमानच्या लिअर ह्या नव्या ऑपेरात राजा लिअर केला. राजा लिअरवर ऑपेरा व्हावा ही कल्पना मुळात त्याचीच, आणि राइमान हा त्याच्याबरोबर पियानो वाजवणारा संगीतकार. कर्कश, कठीण, अंगावर येणारं संगीत आहे, पहिल्यांदा ऐकताना त्रास होतो. पण आयुष्यभर शूबर्टचा हळवा प्रवासी गाणाऱ्या माणसाने शेवटी स्वतःसाठी हे मागून घेतलं ह्याचं मला फार अप्रूप वाटतं.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर लिअरपासून नको. मुंबईत एनसीपीए ह्या कलाकेंद्रात मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगांची स्क्रीनिंग झालेली आहेत, तिथलाच सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये नव्याने उघडलं, संधी मिळाली तर माइकशिवायचा आवाज प्रत्यक्षच ऐका. घरी ऐकायचं तर विंटरराइजचं पहिलं गाणं आधी एखाद्या टेनरचं लावा आणि लगेच फिशर-डीस्काऊचं, पेटी असेल तर दोघांचा सा शोधून बघा, चालणं तेच आहे पण खालच्या सुरात रात्र जास्त गडद होते. मग शेवटचं, चोविसावं गाणं. गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा असलेला म्हातारा वाजंत्री, थंडीने आखडलेल्या बोटांनी वाद्याचा दांडा फिरवतोय, समोरची थाळी रिकामी आणि ऐकणारं कोणी नाही. पियानो दोनच सुरांवर अडून राहतो, गायकाला दाखवायला काहीच दिलेलं नाही, ना वरचा सूर ना तान.

१९९२ च्या शेवटी फिशर-डीस्काऊने गाणं थांबवलं. त्यानंतर शिकवलं, कंडक्टिंग केलं, चित्रं काढली. १८ मे २०१२ ला बव्हेरियातल्या बेर्ग इथे गेला, ८७ वा वाढदिवस दहा दिवसांवर होता.